फ्लेक्सवरची पाहिजे

अन्याय झाला तो माझ्या मावसबहिणीवर. यंदा, अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी पावणेसहाला, घनसावंगीच्या एका मंगल कार्यालयात, हळदीच्या मांडवात. तिला स्टेजवरून उतरवलं, मागच्या कापडाआड प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि हातात चालू माइक दिला. समोर दुसरी मुलगी बंद माइक घेऊन उभी केली. गायली माझी बहीण. टाळ्या दुसरीला.

अन्याय कुणी केला तेही सांगून टाकते. यादी लांब आहे आणि त्यात मी बरीच वर आहे. ज्या चेहऱ्यापायी तिला खाली उतरवलं तो चेहरा मी बनवला होता. कॉम्प्युटरवर, वीस मिनिटांत, चहा पीत पीत.

मी पत्रकं लिहिते. कॉलेजात असल्यापासून लिहिते. मुलींच्या एसटी पासवर लिहिलं, स्टँडवरच्या कुलूपबंद संडासावर लिहिलं, गोरेपणाच्या क्रीमवरसुद्धा लिहिलं. पत्रक कसं लिहायचं ते मला नीट शिकवलेलं आहे: वर कुणावर आणि कधी, खाली मागणी, मधे रडगाणं नको. पण पत्रकात नाव असतं. इथे कुणाचंच नाव नाही, कारण बहिणीची ताकीद आहे. म्हणाली, "नाव छापलं का लोक म्हणतेल भांडखोर बाई हाय. मंग कोण बोलावतं हळदीला? अन् माझं छापायचं न्हाई तर दुसऱ्याचंबी न्हाई." म्हणून तिला मी नेहमी म्हणते तसं आक्का म्हणते आणि बाकीच्यांना त्यांच्या धंद्यावरून ओळखा.

आक्का भोकरदन तालुक्यातल्या धावड्याची. मी जाफराबादची, आता कामाला जालन्यात. आमच्या आया सख्ख्या बहिणी, त्यामुळे सुट्टीत एकमेकींकडे. आक्काचा आवाज लहानपणापासून खाली. म्हणजे बसका नाही, फाटका नाही, खाली. आडात वाकून हाक मारल्यावर उलट येतो तसा. शाळेत प्रार्थनेला बाईंनी तिला मुलांच्या रांगेत उभं केलं होतं, कारण मुलींच्या आवाजात तिचा आवाज "वेगळा पडतो." ती सातवीपर्यंत मुलांच्या रांगेतच गायली. तिला त्याचं काही वाटलं नाही असं ती सांगते. मला आज वाटतं. एक मास्तरीण एका पोरीच्या गळ्याला चूक ठरवते आणि सगळी शाळा हात जोडून उभी राहते, हे मला आज सहन होत नाही.

लग्न होऊन ती जालन्यात आली. सीझनला बियाण्याच्या कारखान्यात बी निवडायला जाते. भाऊजी रिक्षा चालवतात, तिच्या गाण्याला आडवे येत नाहीत. त्यांच्याविषयी एवढंच लिहिते, कारण त्यांनी काही वाईट केलेलं नाही.

तिच्या बोळाच्या तोंडाशी बँडवाल्यांचं दुकान आहे. तिथे एक म्हातारे मास्तर बसायचे, क्लॅरिनेट वाजवणारे. तरुणपणी ते मुंबईत हॉटेलांच्या बँडमध्ये होते. तिथे जाझ वाजायचं. हॉटेलांनी बँड बंद केले, मास्तर परत आले आणि वरातीत वाजवू लागले. आक्का बी निवडून येताना दुकानापाशी थांबायची, गुणगुणायची. एकदा मास्तर आतून ओरडले, "कोण हाय ती? आत ये. उन्हात का गाऊन राह्यली?"

पुढची चार वर्षं, दुकान रिकामं असेल त्या दुपारी, त्यांनी तिला शिकवलं. पेटी नाही, तबला नाही. मास्तर चपलेनं फरशीवर ठोका द्यायचे आणि ती गायची. गाणी आपलीच, हळदीची, गौळणी, जुनी सिनेमातली. पण गायची रीत मास्तरांची. ते म्हणायचे,

"तू घाई करती. ठोका पडला का तू पडती त्याच्यावर, माशी पडल्यावानी. त्याला पुढं जाऊ दे. तो वळून बघल, का बाई कुठं राह्यली? मंग ये."

"मास्तर, लोक म्हणतेल बाई गाणं विसरली."

"म्हणू दे. मंग तू आली का त्यान्ला गुदगुल्या होतेत. ह्याच्यात हाय सगळं जाझ. बाकी कोट अन् टाय असतो."

मी सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन बसायचे. मला गाण्यातलं कळत नाही, पण एवढं कळायचं की आक्का शब्द सोडायच्या आधी जी क्षणभर थांबते, त्या थांबण्यात ती आख्खी असते. घरात, कारखान्यात, सासरी, कुठेच ती कुणाला थांबायला लावत नाही. तिथे लावायची.

मास्तरांनी एक गोष्ट दोन-तीनदा सांगितली होती. मुंबईच्या त्या हॉटेलात एक बाई गायची. मॅनेजरनं आधी तिचं नाव बदललं, मग केसांचा रंग, मग गाणी. दोन बाळंतपणांनंतर बाई जाड झाली तेव्हा म्हणाला, पियानोच्या मागं उभी राहा, पियानो तुला झाकील.

"मंग?" आक्कानं विचारलं.

"मंग काय. पियानो मोठा व्हता, तरी बाई दिसायचीच. काढली."

आम्ही हसलो होतो. मला आता त्या हसण्याची लाज वाटते.

घरी येऊन मी मोबाइलवर वाचत बसले. अमेरिकेतल्या जुन्या जाझ गायिकांविषयी. ज्या हॉटेलात त्यांचं गाणं ऐकायला लोक पुढच्या दारानं यायचे, त्याच हॉटेलात त्या स्वतः मागच्या दारानं, स्वयंपाकघरातून. उजळ कातडीची पुढे, काळी मागे. गाणी कोणती गायची ते कंपनी ठरवणार, झगा कोणता घालायचा ते कंपनी ठरवणार, बारीक व्हा, गोड हसा, हलकंफुलकं गा. आणि आवाज उतरल्यावर त्याच कंपन्या त्यांच्या हालअपेष्टांचं कौतुक करून तबकड्या विकणार. मी आक्काला हे सगळं वाचून दाखवलं. तिनं फोन हातात घेऊन एकेक फोटो बघितला.

"ही तर आपल्या थोरल्या मामीवानी दिसती," ती म्हणाली. "नाकबी तसंच. अन् मामीला तर गाता बी येत न्हाई."

मग ऑर्केस्ट्रावाला आला. त्याला सगळे मालक म्हणतात, मीही म्हणते. मालक दुष्ट दिसत नाही, हीच अडचण. तोंडात शिवी नाही, सगळ्यांना "माऊली" म्हणतो, पैसे ठरल्याप्रमाणे देतो. त्यानं बँडच्या दुकानात आक्काला ऐकलं आणि लगेच घेतलं. मास्तरांनाही घेतलं. लग्नं, हळदी, बारशी. आक्का खूश होती. पहिल्या महिन्यात मालक म्हणाला, "माऊली, ते चष्म्याचं बघा ना. स्टेजवर चष्मा म्हंजे मास्तरीण वाटती." आक्का गाण्याची वही वाचून गायची. चष्मा नाही तर वही नाही. तिनं चाळीस गाणी पाठ केली, बी निवडता निवडता. शेजारी बसणाऱ्या बाया तिला चुका सांगायच्या.

दुसऱ्या महिन्यात केस सरळ करून घ्यायला लावले. तिसऱ्यात नऊवारी नको, चमकीचा गाऊन. मग गाणी. "स्लो चालत न्हाई, माऊली. पब्लिक नाचायला आलेली असती. तुमचं ते मागून मागून येणं लई भारी हाय, पण जेवणाच्या टायमाला." म्हणजे पंगत बसली, लोक वरणभातात गुंतले, की आक्कानं तिच्या रीतीनं एक गाणं म्हणायचं. एकच. कुणी ऐकत नसताना.

आणि लोकांनी ऐकलं. जाफराबादेतल्या एका लग्नात एक म्हातारी खरकटे हात तसेच धरून स्टेजपाशी आली आणि म्हणाली, "अगं, मला वाटलं तू विसरली! मंग आली का न्हाई बराबर!" आक्कानं स्टेजवरून मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडातून न काढता भुवया वर केल्या. असा आनंद मी तिच्या तोंडावर तिच्या लग्नातही बघितला नव्हता.

त्या एका गाण्यामुळे नाव झालं. लोक विचारू लागले, ती खालच्या आवाजाची बाई कोणत्या ऑर्केस्ट्रात आहे? आणि नाव झालं की आपल्याकडे काय करतात? फ्लेक्स लावतात.

पत्रकांवर पोट भरत नाही, म्हणून मी जालन्यात एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते. हा धंदा ज्यांनी आतून बघितला नाही त्यांना सांगते. दुकानात फोटो आला की आधी चेहरा गोरा करायचा. कुणी सांगत नाही, विचारत नाही. वाढदिवसाचा पुढारी असो, दहावी पास झालेली पोरगी असो की वारलेले आजोबा असोत, भावपूर्ण श्रद्धांजलीचा माणूससुद्धा आम्ही दोन घरं उजळ करून पाठवतो. न केल्यास गिऱ्हाईक परत येतं, "फोटो काळा आला" म्हणून. हात आपोआप चालतो. शिवणाऱ्या बाईचा पाय चालतो तसा.

मालक आक्काचा फोटो पेनड्राइव्हमध्ये घेऊन आला आणि माझ्या मागच्या स्टुलावर बसला. "तुमची बहीणच हाय, भारी करा," म्हणाला. मी नेहमीचं केलं. तो म्हणाला, "अजून थोडं." मी केलं. "गाल जरा आत." केले. "डोळे मोठे. हां. अन् ते नाकाचं..." नाकाचंही केलं. तेच नाक, थोरल्या मामीचं. ज्या हातानं गोरेपणाच्या क्रीमविरुद्ध पत्रक लिहिलं त्याच हातानं. मला एकदाही वाटलं नाही की मी काही करतेय. वाटलं, बहिणीचा फ्लेक्स आहे, चांगला दिसू दे.

पंधरा बाय दहाचा तो फ्लेक्स स्टँडसमोर लागला. आम्ही दोघी बघायला गेलो. आक्का डोळ्यांवर हात धरून बघत राहिली.

"ही कोण?"

"तूच की."

"बरी दिसती," ती म्हणाली. "आपल्या बिनलग्नाच्या धाकट्या मामाला सांग, पोरगी बघून ठेवली म्हणावं."

शेजारी उभा असलेला रिक्षावालासुद्धा हसला. मी तर पोट धरून हसले. तिनं थट्टेत जे सांगितलं ते मी ऐकलंच नाही: ही मी नाही.

फ्लेक्सचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरला, फिरत फिरत घनसावंगीला पोचला. उसाच्या पट्ट्यातलं मोठं घर, मुलाचं लग्न. बुकिंग झालं. त्या दिवशी मला सुट्टी होती, मी त्यांच्याबरोबर टेम्पोत बसून गेले. स्पीकरच्या पेट्या, कीबोर्ड, मास्तर आणि आम्ही दोघी. शिवाय ऑर्केस्ट्राची निवेदिका, कॉलेजात शिकणारी पोरगी, गोरी, हसरी. "आता टाळ्यांच्या गजरात" म्हणणं हे तिचं काम. आक्का सगळ्या रस्त्यात तिला आवळे देत होती.

आक्का स्टेजवर चढली, माइक हातात घेतला आणि गळा साफ केला. नवरदेवाचे मामा खाली उभे होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात फोन.

"बाई, गायिका कुठंय?" त्यांनी विचारलं.

"मीच की, दादा."

मामांनी फोन वर केला. त्यावर माझा फ्लेक्स. दोन बोटांनी त्यांनी तो चेहरा मोठा केला, आक्काकडे बघितलं, परत फोनकडे बघितलं.

"ही कोणंय मंग?"

"तीबी मीच."

मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. मामा मालकाकडे वळले. "ओ शेठ, आम्हाला काय येडं समजून राह्यले का? फ्लेक्सवरची पाहिजे. ठरवताना ही दाखवली, मांडवात दुसरी आणली. पाहुण्यांत आमची इज्जत हाय का न्हाई?"

इथे मालकानं फक्त एक वाक्य बोलायचं होतं. "दादा, ती हीच आहे, फोटो आम्ही उजळला." एवढंच. त्यात त्याचं काय जाणार होतं? पण तो म्हणाला, "येऊन राह्यली, दादा. ती आत तयार होऊन राह्यली. ह्या तर माइक टेस्टिंगला."

माइक टेस्टिंगला! वीस वर्षं गाणारा गळा, चार वर्षांची चपलेच्या ठोक्यावरची शिकवणी आणि पाठ केलेली चाळीस गाणी माइक टेस्टिंगला!

मी उठले. "ओ मालक, हे काय..." म्हणेपर्यंत आक्कानं खाली उतरताना माझा दंड धरला. "गप बस. माझं काम हाय हे. तुझं पत्रक न्हाई." आणि मी गप बसले. मोर्चात पोलिसासमोर गप न बसणारी मी तिथे खाली बसले, कारण मी तोंड उघडलं असतं तर पहिलं वाक्य "तो चेहरा मी केलाय" हे आलं असतं, आणि ते मला म्हणवत नव्हतं.

निवेदिकेला आक्काचा गाऊन घातला. मागून पिना लावून आवळला. तिला रडू येत होतं. आक्कानंच तिची टिकली सरळ केली.

गाणं सुरू झालं. आणि पहिल्याच कडव्यात घोटाळा झाला. आक्का तिच्या सवयीनं ठोका जाऊ देऊन येत होती. पोरगी बिचारी ठोक्यावर तोंड उघडायची. तोंड आधी उघडायचं, आवाज मग यायचा. तिनं ओठ मिटले की शब्द बाहेर. पुढच्या रांगेतल्या बाया एकमेकींना कोपर मारू लागल्या. पोरगी मधल्या म्युझिकला कापडाआड आली, घामाघूम. "ताई, मला कळंना झालंय तुम्ही कधी येता!"

आक्का तिला म्हणाली, "मलाबी आधी न्हाई कळत, बाई."

मालक आत आला. हात जोडले. खरंच जोडले. "माऊली, आजच्या दिवस सरळ ठोक्यावर गा. पोरीचं तोंड बराबर बसंना. तुमचं ते मागून येणं राहू द्या."

ऐका. तिचा चष्मा घेतला, तिनं दिला. केस घेतले, साडी घेतली, गाणी घेतली, दिली. चेहरा तर मीच घेतला. शेवटी एक गोष्ट उरली होती जी फक्त तिची होती, आणि तीही एका बंद माइकला सोयीची पडावी म्हणून मागितली गेली. हात जोडून.

तिनं दिली. पुढची सात गाणी ती ठोक्यावर गायली. फूटपट्टी लावून रेघ मारावी तशी. मांडव नाचला. पोरीचं तोंड बराबर बसलं. मामांनी स्वतः स्टेजवर येऊन त्या पोरीला नारळ आणि शाल दिली आणि माइकवर सांगितलं, "असा आवाज आपल्या जिल्ह्यात न्हाई." हे वाक्य खरं होतं, म्हणून जास्त चीड आली.

मास्तरांनी तिसऱ्या गाण्यापासून क्लॅरिनेट पेटीत ठेवलं होतं. परतीच्या टेम्पोत, घनसावंगी मागे पडल्यावर आक्कानं विचारलं, "मास्तर, कशी झाली गाणी?"

"बराबर झाली," मास्तर म्हणाले.

त्यांच्या तोंडून ही शिवी होती, हे तिला आणि मला दोघींना कळलं. मास्तर त्यानंतर ऑर्केस्ट्रात आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले.

हळदीचा व्हिडिओ नेटवर गेला आणि चालला. खाली लोकांनी फुलं टाकली, "आवाज बी आणि रूप बी, देवानं दोन्ही दिलं" असं लिहिलं. देवानं कसलं दिलं, एक कापड आडवं बांधून दिलं. मग मालकामार्फत संभाजीनगरहून एक अल्बम काढणारा आला. पांढरी गाडी, टाइप केलेला कागद. बारा गाण्यांचा अल्बम, आवाज आक्काचा, चेहरा निवेदिकेचा. अट अशी की अल्बम चालेल तोवर आक्कानं कुठेही स्टेजवर समोर येऊन गायचं नाही, "कन्फ्युजन होतं." आणि गाणं ठोक्यावर, "एडिटिंगला सोपं जातं." तो वाईट बोलला नाही. उलट म्हणाला, "ताई, तुमच्या आवाजाचं सोनं करून राह्यलो आपण."

त्या रागात मी पत्रक लिहिलं. एका बैठकीत, दोन्ही बाजू भरून. मालक, मामा, अल्बमवाला, सगळ्यांची खरडपट्टी. आक्काला वाचून दाखवलं. ती भाकऱ्या थापत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली,

"चांगलं लिव्हलं. फोटो टाकणार का ह्याच्यात माझा?"

"टाकू की. लोकांना कळू दे."

"कोणता टाकशील?"

मी कागदाची घडी घातली. ती तव्याकडेच बघत होती. "ह्याच्यात सगळे हायेत," ती म्हणाली, "तूच तेवढी न्हाईस." ते पत्रक मी छापलं नाही. हे लिहिलं.

कागदावर सही करायला तिला आठ दिवस दिले होते. घरात पैशाची गरज नाही असं नाही. भाऊजी म्हणाले, तुझं तू ठरव. सातव्या दिवशी ती सही न करता कागद घेऊन मालकाकडे गेली, मीही बरोबर. चष्मा लावून गेली. खुर्चीवर न बसता उभ्यानं सांगितलं, "मी समोर उभी राहून गाणार. चष्मा लावून गाणार. अन् मला यायचं तव्हा येणार. जमतं का बघा."

मालकानं कपाळाला हात लावला. "माऊली, मी कुठं न्हाई म्हणतो? मार्केट न्हाई म्हणतं."

"कोण मार्केट?" तिनं विचारलं. "नाव सांगा त्याचं. मी बोलते त्याच्याशी."

मालक हसला. त्याला वाटलं ती गंमत करतेय. ती गंमत करत नव्हती.

मार्केट म्हणजे कोण, हे मला तेव्हापासून रोज कळतंय. ऑर्केस्ट्रातून नाव गेल्यावर आक्कानं स्वतः काम धरायचं ठरवलं. एक कीबोर्डवाला बरोबर आहे, आणि मास्तरांचे गुडघे अचानक बरे झाले. तिचा नंबर मी चार ठिकाणी दिला. फोन येतात. येत नाहीत असं नाही. मी शेजारी बसून ऐकलेले आहेत. "हळदीला गाता का?" गाते. "कोण कोण असतंय?" तिघं. "बरं बरं. फोटो टाका एखादा."

दरवेळी. गाणं कसं म्हणता, हे आजवर एकानंही विचारलं नाही. आक्का म्हणते, "फोटो न्हाई, गाणं टाकते," आणि एक कडवं म्हणून पाठवते, तिच्या रीतीनं, ठोका पुढे जाऊ देऊन. दोन निळ्या खुणा येतात. मग काही नाही. एकानं उत्तर पाठवलं: "आवाज ठीक. फोटो?" मागच्या आठवड्यात ती परत बी निवडायला लागली. मास्तर दुकानात ठोक्याची चप्पल तयार ठेवून बसतात आणि ती येण्याची वाट बघतात. ती येते, गाते. ऐकायला आम्ही दोघं.

मी दुकानात आता चेहरे गोरे करत नाही. त्यानं काही बदललेलं नाही. गिऱ्हाईक शेजारच्या कॉम्प्युटरवर जातं. माझं प्रायश्चित्त तिच्या कामाचं नाही, तिला मांडव पाहिजे.

मालकावर मी चिडले, मामांवर चिडले, स्वतःवर अजून चिडते. पण ज्यांचा फोन येतो ते मालक नसतात, मामा नसतात. ते तुम्ही असता. जालन्याचे, अंबडचे, परतूरचे, भोकरदनचे. शिकलेले, नोकरीतले, मुलीला संगीताच्या क्लासला घालणारे. तुम्ही कुणाला कापडाआड बसवत नाही, तुम्ही फक्त फोटो मागता. तुम्ही फोटो मागता म्हणून मालक फ्लेक्स लावतो, फ्लेक्स लागतो म्हणून माझ्यासारखी नाक बारीक करते, आणि मग मांडवात खरं नाक आलं की तुम्हाला फसवल्यासारखं वाटतं.

दिवाळीनंतर तारखा निघतील. तुमच्या घरात, भावकीत, गल्लीत कुणाचं तरी लग्न असेल आणि गायिका ठरवायचं काम तुमच्याकडे येईल. तेव्हा फोटो मागू नका. त्या बाईला फोनवर एक गाणं म्हणायला सांगा, ते शेवटपर्यंत ऐका, आणि आवडलं तर तेवढ्यावरच तारीख पक्की करा.